वाढलेलं ताट

रविवारी सकाळी सगळं तोडुपुळा गाव चर्चमध्ये असतं, तेव्हा आम्ही तिघं वर्कीचेट्टनच्या चहाच्या टपरीत बसतो. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. वर्कीचेट्टन, म्हणजे वर्कीदादा, केळ्याची भजी तळतो आणि मधूनमधून मिशीला पीळ भरतो. वर ‘घरात’ पुरुषांना मिशीची बंदी होती. ते सोडून काय कमावलंस असं कुणी विचारलं, की तो मिशीकडे बोट दाखवतो.

‘घर’ म्हणजे वर डोंगरात, वेलदोड्याच्या मळ्यांपलीकडची आमच्या मंडळीची वस्ती. कधी उठायचं, कुणाशी बोलायचं, कोणत्या रंगाचं नेसायचं, हे सगळं वल्यप्पन, म्हणजे आमचे थोरले, ठरवत. माझा जन्म तिथलाच. बाहेर येऊन मी रक्त तपासायचं काम शिकले, लॅबमध्ये नोकरी धरली, भाड्याची खोली घेतली. पण अजून कापडाच्या दुकानात कुणी “कोणता रंग दाखवू?” म्हणालं, की मी काही न घेताच बाहेर पडते.

तिसऱ्या आच्चम्माचेच्ची, म्हणजे आच्चम्माताई. नवऱ्याला तिथं ठेवून म्हातारपणी एकट्या निघून आल्या. टपरीमागच्या संडासला जायचं असलं, तरी उठून उभ्या राहतात आणि विचारतात, “जाऊ?”

“जा गं चेच्ची,” वर्कीचेट्टन म्हणतो. “वल्यप्पनना मी सांभाळतो.”

आम्ही हसतो. मग त्या जातात.

मला बाहेर काढलं ते वर्कीचेट्टननंच. तो ‘घराची’ जीप चालवायचा. माझी दाढ काढायला आम्ही खाली आलो आणि परत गेलोच नाही. अम्मच्चीला, माझ्या आईला, मी काही सांगितलं नव्हतं. पण दाढ काढायला जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत तिनं कपड्यांचे दोन जोड भरले होते. ते मला खाली आल्यावर दिसले.

‘घरात’ कुणी मेलं किंवा सोडून गेलं, असं म्हणायची सोय नव्हती. तिथून कुणी जातच नाही, अशी शिकवण. म्हणून गेलेल्या माणसाची बाकावरची जागा तशीच राहायची आणि रोज दिवेलागणीला त्याचं ताट वाढलं जायचं. वाढायचं ते त्याच्या सख्ख्यानंच, आणि ताटातलं एक तरी स्वतःच्या हाताने रांधलेलं हवं. मग सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची. डोळे उघडले की ती ताटं रिकामी असायची. वाढपी काढून नेत असतील, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

बाहेर आल्यापासून मला संध्याकाळी भूक लागत नाही. दुपारी मी चांगली जेवते. पण दिवेलागण झाली, की पोट भरून येतं आणि तोंडाला चव येते. बहुतेक वेळा उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि सोड्यांची चटणी. चटणी अम्मच्चीची. तिच्या हातची चव मी हजार घरांत ओळखेन. कधीकधी ती फार खारट असते. अम्मच्ची रडली असली, की तिच्या हातचं खारट व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, डोळ्यांतलं पाणी पडतं म्हणून. मोठेपणी कळलं, की रडवेल्या माणसाला मीठ घातल्याचं आठवत नाही, तो पुन्हा घालतो.

सवय आहे, दुःख आहे, असं मी स्वतःला समजावत होते. एका रविवारी सहज बोलले, तर आच्चम्माचेच्चीच्या हातातली भजी तशीच राहिली.

“मला पेज लागते,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांना पेजेशिवाय काही येत नाही. तीपण मेली रोज करपलेली.”

“आणि चेट्टा, तुला?” मी विचारलं.

वर्कीचेट्टननं कढईखालचा जाळ कमी केला. “माझं कोण आहे तिथं? मी संध्याकाळी दोनदा जेवतो. तरी भरत नाही.”

मी मोजमापावर विश्वास ठेवणारी बाई. त्या आठवड्यात रोज अंधार पडल्यावर, दुपारपासून पाण्याशिवाय काही न घेता, मी बोट टोचून साखर मोजली. रोज आकडा नुकत्याच जेवून उठलेल्या माणसाचा. मशीन बदललं, लॅबमधलं आणलं. तरी तेच.

मग मी तपासणं सोडून दिलं. खरं सांगायचं, तर मला आनंद झाला होता. पत्र नाही, फोन नाही, पण अम्मच्ची रोज मला वाढत होती. आज चटणीत तिखट कमी आहे, म्हणजे तिचं पित्त वाढलंय. आज खारट आहे. आज बरी आहे. तेवढ्यावर माझे दिवस जात होते.

ओणमच्या सुट्टीनंतर एका संध्याकाळी मी दिवा लावला आणि मला भूक लागली.

पोटात खड्डा पडावा तशी. पाव खाल्ला, केळी खाल्ली, सकाळचा उरलेला भात उभ्याउभ्या खाल्ला. तोंडात दुसरी कसलीच चव नव्हती. मी जमिनीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी वर्कीचेट्टननं जीप मागून आणली. वाटेत तो एकदाच बोलला. “आत बोलावलं तरी जाऊ नकोस, पोरी.”

पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. फाटकावर मार्था होती. आम्ही लहानपणी एका चटईवर निजायचो. तिनं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“कोण हवंय?”

“मार्था, अगं मी राहेल.”

“राहेल आत जेवायला बसलीय,” ती म्हणाली. “तुम्ही कोण?”

मी फाटकाचा गज धरला. “आणि शोशाम्मा? माझी अम्मच्ची?”

“तीपण आत आहे.”

“माझी आई जिवंत आहे का, एवढंच सांग गं.”

“इथून कुणी कुठं जात नाही.”

तिच्या खांद्यावरून भोजनघराच्या खिडक्या दिसत होत्या. दिवे लागले होते. सगळे डोळे मिटून बसले होते. बाकाच्या टोकाला, आमच्या दोघींच्या जागेवर, कुणी नव्हतं. समोर दोन ताटं होती, शेजारी शेजारी.

दोन्ही कोरडी होती.

मार्थानं फाटकाची कडी घातली. घालताना, खाली बघत, हळूच म्हणाली, “तिला वाढायला तिचं कुणी नाही इथं.”

जीपमध्ये मला एवढंच दिसत होतं: अम्मच्ची उपाशी आहे. मेली की कुठं गेली, ते मला आजही माहीत नाही. ती जेवायला बसलीय आणि ताट कोरडं आहे, एवढं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाजारातून कप्पा आणला, सोडे आणले. खोबरं भाजून चटणी वाटली. अम्मच्ची जेवायची कशी, ते डोळ्यांसमोर होतं. कढीपत्त्याची पानं काढून ताटाच्या काठावर ओळीनं लावायची. ‘घरात’ मुलांना मोजून मिळायचं, म्हणून शेवटचा घास तीन बोटांनी दाबून ठेवायची आणि कुणाचं लक्ष नसताना ताट माझ्याकडे सरकवायची.

दोन ताटं घेतली. तिचं वाढलं. माझ्या ताटातली चटणी जिभेवर ठेवली, तर अळणी. गडबडीत मीठ घालायचंच राहिलं होतं.

मीठ आणायला उठणार, तेवढ्यात बाहेर दिवे लागले.

त्या प्रार्थनेचा एक शब्दही पुन्हा तोंडातून काढणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. डोळे मिटले. शब्द आपोआप आले.

खोलीत आवाज झाला नाही.

डोळे उघडायला मला फार वेळ लागला.

तिचं ताट रिकामं होतं. काठावर कढीपत्त्याची पानं ओळीनं लावलेली होती.

ताट माझ्याकडे सरकलेलं होतं.

त्यात एक घास होता. त्यावर तीन बोटं उमटली होती.

मी तो खाल्ला.

खारट होता.