आर्जिया आत्याचा माईक

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. ऐकीव गोष्टी मी सांगत नाही. ही माझ्या डोळ्यांसमोर घडली.

गेल्या ऑक्टोबरातली रविवारची दुपार. इटलीत व्हेर्चेल्लीजवळच्या एका गावातलं सभागृह.

माझा नवरा इलारिओ सॅक्सोफोन वाजवतो. ऑपेरातली आणि भातखाचरांतली जुनी गाणी जॅझमध्ये बांधून त्याने अल्बम केला होता. त्याचाच कार्यक्रम होता. आवाजाची यंत्रं माझ्याकडे.

अल्बमसाठी त्याची आत्या आर्जिया एक गाणं गायली होती. तरुणपणी ती खाचरात निंदणीला जायची. बायकांच्या ताफ्यात गाणं तीच उचलायची. तिची ओळ संपेपर्यंत बाकीच्या तोंड उघडत नसत. तशी रीतच होती.

इलारिओने तिचा आवाज काढून टाकला.

"सूर उतरतो गं तिचा," मला म्हणाला. तिला मात्र कळवलं नाही. तिने शेजारणी जमवून अल्बम लावला...

त्यात ती नव्हती.

महिना उलटायच्या आत ती गेली.

म्हणून त्या दुपारी इलारिओने मंचावर तिच्या नावाचा एक माईक ठेवायला लावला. रिकामा. पहिल्या रांगेत तिच्या ताफ्यातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या.

ते गाणं आलं. इलारिओने सॅक्सोफोन ओठांना लावला, पण तिच्या पहिल्या ओळीची जागा त्याने मोकळी सोडली होती...

माझ्या यंत्रावर रिकाम्या माईकच्या आवाजाची पातळी दाखवणारी सुई हलली.

मी हेडफोन कानांवर दाबला. काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. सुई मात्र चढत होती, उतरत होती... कुणी गात असल्यासारखी.

सुई थांबली.

त्याच क्षणी सगळ्या म्हाताऱ्या एकदम गाऊ लागल्या.

कार्यक्रम संपल्यावर इलारिओने आत्याच्या मैत्रिणीला गाठलं. "तेओलिंदा मावशी, तुम्हाला इशारा कुणी दिला?"

"इशारा कसला? आर्जियाने उचललं की! बहिरा झालास का? तू मध्येच वाजवलं असतंस ना, तर कानाखाली खाल्ली असतीस."

शेजारची हसली. "सूर कसा लखलखीत लागला! उगाच घाबरत होती बिचारी."

"घाबरत होती?"

"मग! ओळ संपल्यावर तुलाच विचारलं ना... 'इलारिओ, आता बरोबर आलं का रे?'"

इलारिओ पांढराफटक पडला.

"सांग ना तिला," तेओलिंदा मंचाकडे बघत म्हणाली. "थांबली आहे ती."

मी यंत्राकडे पाहिलं. माईकची तार मी कार्यक्रम संपताच काढली होती.

सुई थरथरत होती...

इलारिओने तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

अजूनही फुटत नाही. प्रत्येक कार्यक्रमात तो माईक ठेवायला लावतो. मी ठेवते.

त्या सुईकडे मात्र बघत नाही.