पिवळ्या खुणेचा आरोपी

"संशयित क्रमांक एक, दुरुस्तीवाल्या ताई!" वकिलाने वहीवर पेन आपटलं. "चला, त्यांच्या दुकानात जाऊन उलटतपासणी घेऊ!"

"उलटतपासणी म्हणजे उलटं टांगून विचारायचं का?" शेपूटने डोळे मोठे करून विचारलं.

"तू फक्त दार लावायला ये!"

वकील म्हणजे टाचणीचा मावसभाऊ. वय तेरा, पण वाद घालण्यात त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. शेपूट त्याची आठ वर्षांची बहीण; जिथे तो, तिथे ती. आणि टाचणी सुट्टीसाठी मावशीकडे आलेली, अंगाने काडी, पण बोलायला लागली की समोरच्याला टोचलंच म्हणून समजा! आज मात्र ती पलंगाच्या कडेवर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती.

"टाचणे, तुझी काय शंका?" वकिलाने विचारलं.

"मला कसली शंका असणार?" टाचणी म्हणाली. तिला शंका नव्हतीच. तिला सगळं ठाऊक होतं!

झालं होतं असं. मावशी शाळांच्या गणवेशांवरचे बिल्ले भरायची. बाहेरच्या खोलीत तिचं भरतकामाचं मोठं मशीन होतं आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून त्या मशीनला नक्षी जायची. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पोटात एक खास कार्ड बसवलेलं होतं. सोमवारी सकाळी दुरुस्तीवाल्या ताई आल्या, कॉम्प्युटर उघडून वाटीभर धूळ काढली, पंखा बदलला आणि गेल्या. दुपारी मावशी बाहेर गेली तेव्हा टाचणीने गेम लावला. गेम रखडत चालला. इंटरनेटवरचा एक दीडशहाणा सांगत होता, "यादीत न कळणारी नावं दिसली की उडवा, कॉम्प्युटर सुसाट पळेल!" टाचणीला एक लांबलचक नाव कळलं नाही. तिने ते उडवलं. "ड्रायव्हरही काढून टाकायचा का?" असं कॉम्प्युटरने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा. तिने वर टिचकी मारली, "हो!"

मंगळवारी सकाळी मशीन ढिम्म! कॉम्प्युटरच्या यादीत पिवळी खूण आणि तिच्यापुढे दोन शब्द: अनोळखी उपकरण.

"बघा!" मावशीचे यजमान, म्हणजे काका, गरजले. "कॉम्प्युटर स्वतः सांगतोय, हे कार्ड मी ओळखत नाही! चांगलं कार्ड काढून नेलं आणि भलतंच डबडं बसवलं त्या बाईने!"

त्यांनी ताईंना बोलावलं आणि घरातही घेतलं नाही. जिन्यातच सुनावलं, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. दारं किलकिली झाली. ताई म्हणत होत्या, "मला एकदा बघू तरी द्या." काका म्हणाले, "पुन्हा हात लावू देऊ? एकदा लावलात तेवढा पुरे!" टाचणी काकांच्या पाठीमागेच उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. ती मूग गिळून गप्प बसली आणि ताई हातातली पिशवी सावरत जिना उतरून गेल्या.

आता गुरुवार उजाडला होता. शनिवारपर्यंत तीनशे बिल्ले द्यायचे होते, आणि मशीन अजून बंदच होतं.

ताईंचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर केबलींची भेंडोळी, टेबलावर झाकणं उघडी टाकलेले डबे, वाटीत बारीक स्क्रू. मागची मोठी फळी मात्र रिकामी होती.

"तिथे काय असतं?" वकिलाने संशयाने विचारलं.

"असायचं. वाचनालयाचे चार कॉम्प्युटर होते. काल परत नेले." ताई स्क्रू फिरवता फिरवता म्हणाल्या. "ग्रंथपाल तुमच्याच जिन्यात राहतात ना, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनीही ऐकलं सगळं."

टाचणीला त्या रिकाम्या फळीकडे बघवेना. तोंड लपवायला जागा मिळाली असती तर ती तिथेच लपली असती.

"बसा. उन्हातून आलात, पाणी प्या." ताईंनी पहिला पेला टाचणीच्याच हातात दिला. तो तिला तोंडाला लाववेना.

वकिलाने घसा खाकरला. "कॉम्प्युटर म्हणतो, कार्ड अनोळखी आहे. यावर आपलं काय म्हणणं?"

ताईंना हसू आलं. "अरे, अनोळखी म्हणजे चोर नव्हे! तुमच्या वर्गात नवा मुलगा आला तर काय करता?"

"नाव विचारतो!" शेपूट म्हणाली.

"मग त्यालाही विचारा. त्या पिवळ्या खुणेवर उजवी टिचकी मारा, मग गुणधर्म, मग तपशील. तिथे त्याचा ओळख क्रमांक असतो. ‘व्हेन’च्या पुढची चार अक्षरं सांगतात ते कुणी बनवलं, ‘डेव्ह’च्या पुढची चार सांगतात ते काय आहे. ड्रायव्हर पुसला गेला की कॉम्प्युटर नाव विसरतो. पण क्रमांक कार्डातच असतो, तो कसा पुसणार?"

"म्हणजे कार्ड बदललं असेल तर क्रमांकही बदलेल!" वकील उडालाच.

"मला वर येऊ दिलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं." ताईंनी मान वर केली. "मी गेल्यावर कुणी काही काढलं होतं का रे त्यातून?"

त्यांची नजर आधी वकिलावर आणि मग टाचणीवर आली.

"माहीत नाही," टाचणी म्हणाली.

दोन शब्द! पण ते बोलताना तिला स्वतःचीच किळस आली. जिन्यात ती नुसती गप्प होती. इथे, यांच्याच पेल्यातलं पाणी हातात धरून, ती धडधडीत खोटं बोलली होती.

घरी काका पेपर वाचत होते. "कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!" ते पेपरामागूनच म्हणाले.

"बाबा, हात नाही, फक्त उंदीर लावतो," वकील म्हणाला. काका हसले, म्हणजे परवानगी मिळाली!

उजवी टिचकी. गुणधर्म. तपशील. टाचणी क्रमांक एकेक अक्षर करून वाचत होती आणि वकील लिहून घेत होता. मावशीने कपाटातून कार्डाचं जुनं खोकं काढलं. वकिलाने क्रमांक इंटरनेटवर शोधला. बनवणारी कंपनी तीच! कार्डाचं नाव तेच! खोक्यावर छापलेलं, अगदी अक्षर न् अक्षर!

"कार्ड बदललेलंच नाही!" वकील ओरडला.

"आणि ही बघ चकती!" शेपूट खोक्यात मान घालून बसली होती. तळाशी ड्रायव्हरची चकती, म्हणजे सीडी होती, पाकिटात जपून ठेवलेली.

टाचणीने ती चढवली. पिवळी खूण नाहीशी झाली आणि तेच लांबलचक नाव पुन्हा यादीत येऊन बसलं. मावशीने नक्षी पाठवली. मशीनने एक झटका दिला आणि टकटकटक सुई पळायला लागली!

"शाब्बास गं माझी बाई!" मावशीने टाचणीला पोटाशी धरलं.

"डोकं आहे हो पोरीला!" काकांनी पेपर बाजूला टाकला. "कॉम्प्युटरचं काय, कधी कधी आपोआपच उडतं काहीतरी. त्या बाईंना फोन करून सांगून टाकतो, गैरसमज झाला म्हणून."

"बाबा, आरोप जिन्यात आणि माफी फोनवर? हे कुठल्या कायद्यात बसतं?"

टाचणीच्या पाठीवरून मावशीचा हात फिरत होता, आणि तो प्रत्येक वेळी तिला चटका देत होता. आपोआप उडालं! किती सोपं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

"आपोआप नाही उडालं," ती म्हणाली. "मी उडवलं. सोमवारी, गेमसाठी. काका, तुम्ही जिन्यात बोलत होता तेव्हा मला सगळं माहीत होतं."

मावशीचा हात थांबला. वकिलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आधी का नाही बोललीस?" मावशीने हळूच विचारलं.

"लाज वाटली. आणि दर दिवशी जास्तच वाटायला लागली."

काकांनी चपला चढवल्या. "चल. तू एकटी नाहीस त्यात. तू गप्प बसलीस, पण ओरडलो मीच ना, काही न बघता."

दुकानात काकांनी माफी मागितली. ताई शांतपणे म्हणाल्या, "इथे काय उपयोग? इथे कोण ऐकतंय?" मग काय! काकांना ताईंसोबत परत यावं लागलं आणि जिन्यात उभं राहून, तेवढ्याच आवाजात, "चूक माझी होती!" असं चार मजल्यांना सांगावं लागलं. शेपूटने प्रत्येक दार वाजवून माणसं बाहेर काढली. तिसऱ्या मजल्यावर, ग्रंथपालांच्या समोर, टाचणी पुढे झाली आणि स्वतःचं सगळं बोलली.

ताईंनी ऐकून घेतलं. "जिन्यातलं मी विसरेन," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर बसून ‘माहीत नाही’ म्हणालीस, ते लागलं मला."

टाचणीने मान खाली घातली. "हो," एवढंच ती म्हणाली. सबब तिच्याकडे होती कुठे?

शनिवारी तीनशे बिल्ले वेळेवर गेले. सोमवारी वाचनालयाचे चारही कॉम्प्युटर हातगाडीवरून ताईंच्या दुकानात परत आले. गाडी ढकलायला काका होते, वकील होता, आणि रस्ताभर कॉम्प्युटरच्या एका पडद्याला दोन्ही हातांनी धरून चालणारी टाचणी होती. सामान फळीवर लागल्यावर ती दाराशीच घुटमळत राहिली. आत जायचा तिला धीर होत नव्हता.

ताईंनी एक कॉम्प्युटर चालू केला. यादीत पिवळी खूण!

"माझा चष्मा सापडत नाहीये," ताई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता! "ए टाचणी, इकडे ये. क्रमांक वाच पाहू."

टाचणी स्टुलावर बसली. उजवी टिचकी, गुणधर्म, तपशील. तिने वाचलं, एकेक अक्षर स्पष्ट.

"नक्की?" ताईंनी विचारलं.

टाचणीने पुन्हा पाहिलं. "नाही, शेवटचं अक्षर चुकले मी. ते आठ नाही, बी आहे."

ताईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याकडे पाहिलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

या वेळी टाचणीने तो गटागटा पिऊन टाकला.