श्वासवेधाचा होकार

श्वासवेध ही संगणक प्रणाली आल्यापासून रत्नागिरीच्या इस्पितळात वाट बघत बसणं बंद झालं होतं. मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस पूर्वी दहा-बारा दिवस तोंडातल्या नळीवर असे. तो आपणहून श्वास घेतो का हे पाहून, नाहीच जमलं तर गळ्याला छिद्र पाडून तिथे नळी बसवत. याला म्हणतात ट्रॅकिओस्टोमी. श्वासवेध मात्र मेंदूची चित्रं, खोकल्याची ताकद, रक्त असं सगळं तपासून पहिल्याच दिवशी छिद्राला होकार किंवा नकार देई. होकार आला की त्याच दिवशी छिद्र. उगाच घोळ नाही.

मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या दत्ताराम घवाळीला होकार आला. गडी गावोगावच्या टेनिस क्रिकेटचं समालोचन करणारा. माइक हातात आला की सरपंचालाही सोडायचा नाही.

"अकरा वर्षांत एकही होकार चुकलेला नाही, सुलभाताई," डॉक्टर हृषीकेश पित्रे त्याच्या बायकोला म्हणाले.

सुलभाताई आंब्याच्या कारखान्यात फळं निवडायच्या. "चुकला नाही, हे कळलं कसं?"

"होकार आलेल्या प्रत्येकाला नळी लागलीच."

"लागली, की तुम्ही बसवलीत?"

पित्र्यांनी श्वासवेधाचा अहवाल पुन्हा चाळला.

"आम्ही बाद केलेला आंबा पुढे पिकला की नासला, कोण बघतंय? मग आमची निवडही कधी चुकत नाही हो!" त्यांना रडू आवरेना. "आठ दिवस थांबलं तर चालेल ना?"

इतरांना सांगत तसं पित्र्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. "चालेल," ते म्हणाले आणि थांबण्याच्या कागदावर सही केली.

नवव्या दिवशी दत्तारामच्या तोंडातली नळी काढली. श्वास चालू राहिला. दुसऱ्या दिवशी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "किती ओव्हर झाल्या?" सुलभाताई हसता हसता ढसाढसा रडल्या.

पित्र्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. चार हजारांवर होकार. बसवलेली प्रत्येक नळी 'गरज होती' म्हणून नोंदलेली, आणि श्वासवेध दरवर्षी शिकायचा तो याच नोंदींवरून. स्वतःचंच ऐकून तो ठाम होत गेला होता. त्यातल्या किती जणांचा गळा विनाकारण कापला गेला, हे आता कोणालाही शोधता येणार नव्हतं.

दत्तारामला घरी सोडायच्या दिवशी सुलभाताईंनी विचारलं, "आता पुढे काय करणार?"

"काही जणांना होकार येऊनही थांबवून बघावं लागेल. काहींना ते भोवेल. छाती भरेल, एखादा जाईलसुद्धा."

"किती जण?"

"ते थांबवल्याशिवाय कळणार नाही."

सुलभाताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "एखादा जाऊ शकतो, हे आमच्या वेळी ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

पित्र्यांनी खरं ते सांगून टाकलं. "सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून छिद्र पाडायला तयार झाला असता. आणि होकार चुकतो का, ते मला बघायचं होतं."