फुलकायचा जबडा

अमरावतीच्या त्या रुग्णालयात जबडा कसा असावा हे आता डॉक्टर ठरवत नसत, यंत्र ठरवत असे. पूर्वी सगळ्या जगाचे जबडे गोऱ्या लोकांच्या मापाने तपासायचे आणि मेळघाटातल्या कोरकूंचे जरा पुढे असलेले धडधाकट जबडे सदोष ठरायचे. तो अन्याय संपावा म्हणून 'समूहमान' आले. समूहमान म्हणजे त्या त्या समाजातल्या माणसांच्या चेहऱ्याच्या हाडांची सरासरी. आता ज्याला त्याला आपल्याच लोकांचा चेहरा मिळणार, म्हणून शहाण्यांनी टाळ्याही वाजवल्या.

फुलकाय कासदेकरला मोहाची फुलं वेचताना अस्वलाने धरले. खालचा जबडा उरलाच नव्हता. नवा जबडा यंत्र घडवणार होते. त्याने बनणारा चेहरा पडद्यावर आला, तसा तिचा नवरा सोमजी चपापला.

"हे माही बायको नाही जी, डॉक्टरीणबाई."

"तुमच्या कोरकू समाजाचंच मान लावलंय," डॉ. हेमांगी देशकर म्हणाल्या.

"आमच्यात असं तोंड कोनाचं हाये?"

बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "तुमचं."

सोमजीचा हात हनुवटीकडे गेला. शाळेत असताना मोफत शिबिरात त्याचा जबडा कापून मागे घेतला होता. त्याच्या भावांचा, फुलकायच्या बहिणींचाही, जुन्याच मापाने. फुलकाय तेवढी शिबिर चुकवून जंगलात पळाली होती. पुढे यंत्राने समूहमानासाठी मोजले ते हेच कापलेले चेहरे. हे इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची देशकरबाईंना शरम वाटली.

"मंग पोरीवरून करा नं. सुगंती हुबेहूब तिच्यावर गेली."

"ती लहान आहे. मोठेपणी तिचं हाड कुठवर वाढेल, ते यंत्र समूहमानावरूनच सांगतं."

"तुम्हीच करा हातानं."

"दात जुळले नाहीत, तर तिला घास चावता यायचा नाही हो."

सोमजीने संमतीच्या कागदावर सही केली.

फुलकाय वाचली. भाकर चावू लागली. सुगंती मात्र तिच्याजवळ जाईना. माही माय कुठी हाये, म्हणून सारखी विचारायची. वर्षभराने शाळेतल्या तपासणीत यंत्राने सुगंतीलाच वेगळे काढले. तिचा जबडा कोरकू समूहमानात बसत नव्हता, म्हणून शस्त्रक्रिया सुचवली होती.

नवराबायको पोरीला घेऊन आले, तेव्हा देशकरबाई अगदी कळवळून बोलल्या. "तिच्यात काही दोष नाही. तुमच्या लोकांचा खरा चेहरा तेवढा एकच माझ्या पाहण्यात उरलाय. नाही म्हणा!"

सोमजी रडू लागला. फुलकाय म्हणाली,

"करा जी बाई. माह्यासारखी दिसली, त मले माय म्हनंल."