चार पेट्यांचा हिशोब

मी चार शब्द वाढवून सांगतो, हे पार जैनथपर्यंत माहीत आहे. पण यातला आकडा माझा नाही, यंत्राचा आहे.

पुतणी देवश्रीचा डबा द्यायला आदिलाबादला तिच्या संस्थेत गेलो होतो. दुपारचे चार. संगणकांची खोली बिनखिडकीची, गारठलेली; चार उंच काळ्या पेट्या एका सुरात घुमत होत्या. सारे संशोधक त्याच वापरतात, आणि कोणी किती वापरलं याचा क्षण न् क्षण लिहिला जातो.

देवश्री रडकुंडीला आलेली. बोंडअळी कुठं पसरेल याचं तिचं गणित पाचच्या आत प्रबंधासोबत गेलं नाही तर वर्ष वाया. आणि तिचं काम रांगेत एकेचाळिसावं.

"काऊन मागं पडली?" मी विचारलं.

पेट्या सांभाळणाऱ्या सुनयनाताई हसल्या. "बसमंदी दस्ती टाकून जागा धरते ना, तसं केलं हिनं. बसाची एका सीटवर, दस्त्या टाकल्या अख्ख्या बसवर! मेमरी मागितली पेटीभर, वापरली चिमूटभर. हे यंत्र बसलेलं मोजत नाई भाऊ, धरलेलं मोजते. सपला हिचा वाटा, म्हून मागं."

मी मनातल्या मनात हात जोडले. आमच्या बसला असा कंडक्टर मिळता तर!

देवश्रीनं मागणी घटवली. चार प्रोसेसर, मेमरी लागेल तेवढीच. "पण आता नंबर लागला तरी तीन तास पाह्यजे, काका..."

तेवढ्यात घुमण्याचा सूर खाली उतरला. खोलीनं श्वास रोखावा तसा. जुन्या दप्तरांचा, ओल्या शाईचा वास आला.

"सुरू झालं..." देवश्री पुटपुटली. "ताई, तुमी पुढं घेतलं?"

"म्या हातबी नाई लावला..."

अकरा मिनिटांत गणित पूर्ण. पाचाला दहा कमी असताना प्रबंध गेला. पोरगी हसत हसत डब्यावर तुटून पडली.

सुनयनाताईंनी मात्र हिशोबाचं पान उघडलं. चार प्रोसेसर, प्रत्येकी अकरा मिनिटं. म्हणजे वापर जेमतेम पाऊण तास. यंत्रानं लिहिले होते पूर्ण बारा तास.

"हे कधी चुकत नाई," त्या हळूच म्हणाल्या. "बारा तास कोनीतरी राबलं, भाऊ..."

"कोणत्या पेटीवर?"

त्यांनी बोट सरकवलं. पेटी क्रमांक पाच.

तिघांनी मान वळवून मोजल्या. चारच.

पुढच्या रकान्यात, ती पेटी न थांबता किती काळ चालू आहे, तेही यंत्रानं इमानानं लिहिलं होतं. एकशे बारा वर्षं, चार महिने.