साठावा बटाटा

तिसऱ्या ट्रेमधली रिकामी जागा भरलेली होती.

पाहुणीने पुन्हा मोजलं. पाच, दहा, पंधरा. खिडकीकडच्या कोपऱ्यातली ती जागा शुक्रवारी रिकामी होती, हे तिने शपथेवर सांगितलं असतं, कारण ती तिनेच रिकामी केली होती. आणि आज, सोमवारी दुपारी, तिथे एक बटाटा अगदी घरच्यासारखा ऐसपैस बसला होता. चोरलेली वस्तू चोराला न विचारता परत येते, असं कधी होतं का?

पाहुणी हे काही तिचं नाव नव्हे. बटाटा केंद्राच्या वसाहतीत ती आली त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "ही कोण?" कुणीतरी म्हणालं, "पाहुणी." तेच चिकटलं. तिच्या आईची बदली झाली होती आणि नव्या गावात घर मिळेपर्यंत तिला सुट्टीभर मावशीकडे ठेवलं होतं. जुन्या शाळेतून नाव काढलेलं, नव्या शाळेत अजून घातलेलं नाही. म्हणजे सध्या ती कुठलीच नव्हती. वसाहतीतली मुलं तिला बोलावत नसत असं नाही. "येतेस का?" असं विचारत आणि तिने उत्तर द्यायच्या आत पळूनही जात.

मावशी केंद्रात बटाट्याच्या नव्या जाती तयार करायची. सकाळी सहाला शेतावर जायची, दिवेलागणीला मातीने भरलेले हात घेऊन यायची, जेवायची आणि वहीत आकडे लिहीत बसायची. तिचा भाचीवर जीव नव्हता असं नाही, पण वही मध्ये असायची. पहिल्या दिवशी मात्र तिने भाचीला मुद्दाम मोडघर दाखवलं होतं. ती एक लांबोडकी खोली होती. जाळीच्या खिडक्यांतून मंद उजेड यायचा, भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर ट्रे आणि ट्रेमध्ये बियाण्याचे बटाटे. लावण्याआधी त्यांना इथे मोड आणायचे.

"हे वरचे चार ट्रे बघ," मावशी म्हणाली होती. "एकेकात पंधरा, सगळे मिळून साठ. वरून चारचौघांसारखे दिसतात, पण आतून पिवळे आहेत. अकरा वर्षं लागली मला. या जातीचे एवढेच आहेत, आणखी कुठेही नाहीत."

"पिवळे असून काय होतं?"

"तो रंग उगाच नसतो गं. त्यात ल्युटीन नावाचं द्रव्य असतं, डोळ्यांच्या पडद्याला ते लागतं. पांढऱ्या बटाट्यात ते फार थोडं. पालकात याच्यापेक्षाही कितीतरी जास्त असतं, खोटं कशाला बोलू? पण पालक पाहिला की मुलं नाक मुरडतात, बटाट्याला कोण नाही म्हणतं? आणि ऐक, एकालाही हात लावायचा नाही. खायचं तर मनातही आणू नकोस. उजेडात ठेवून हिरवे झालेले बटाटे लावायला चांगले, खायला विषारी."

महिनाभराचं बोलणं मावशी त्या एका दिवशी बोलून गेली.

दुपारी करायला काही नसे, म्हणून पाहुणी मोडघरात जाऊन बसायची. दोन आठवड्यांत तिला प्रत्येक जातीचे मोड पाठ झाले. सगळ्यात खालच्या फळीवर तसेच चार ट्रे होते, त्यातल्या जुन्या पांढऱ्या जातीचे मोड हिरवे, गुळगुळीत. मावशीच्या पिवळ्यांचे बुटके, जांभळे आणि वर बारीक लव, नुकती मिशी फुटलेल्या मुलासारखी. त्यातल्या एकाशी ती बोलायला लागली. त्याचं नाव तिने मिशाळ ठेवलं. शुक्रवारी आईचा फोन दोन मिनिटांत संपला, तेव्हा तिने मिशाळला खिशात घातलं आणि आपल्या खोलीच्या खिडकीत आणून ठेवलं. रात्री झोपण्याआधी ती त्याला सगळं सांगायची. तो मध्ये बोलायचा नाही, घड्याळाकडे बघायचा नाही. इतकं ऐकून घेणारं दुसरं कोणी तिच्याजवळ नव्हतं, म्हणून शनिवार-रविवार ती मोडघराकडे फिरकलीही नव्हती.

आता ती वाकून बघत राहिली. चारही ट्रेमध्ये एकालासुद्धा मिशी नव्हती. मोड हिरवे आणि गुळगुळीत. वर खिळ्याला लटकलेली पाटी मात्र तीच होती: 'पिवळा. मंगळवारी लावणे.' आणि सगळ्यात खालची फळी रिकामी होती. तिथे जुन्या पांढऱ्यांची पाटी होती: 'टाकाऊ.'

मावशी बैठकीसाठी शहरात गेलेली, फोन बंद, संध्याकाळशिवाय यायची नव्हती. पाहुणी कोठीकाकांकडे गेली. बियाण्याची कोठी आणि मोडघर दोन्ही तेच सांभाळायचे.

"काका, वरच्या फळीवरचे बटाटे बदललेत."

कोठीकाका आले, चष्मा वर करून त्यांनी बोटाने मोजलं. "पंधरा चोक साठ. बरोबर आहेत की."

"साठ आहेत म्हणूनच चूक आहे. एकोणसाठ पाहिजेत."

"ते का बरं?"

पाहुणीने घाईघाईने मोडांकडे बोट दाखवलं.

"मोड तरी बघा काका. वेगळे आहेत."

"अगं, उजेडाने मोड रंग बदलतात. चौदा वर्षं हेच करतोय मी. बटाट्यांनी मला शिकवलेलं चालेल, पाहुण्यांनी नको," असं म्हणून काका हसले आणि कोठीत निघून गेले. हसले ते प्रेमानेच, पण पाहुणीला ते शब्द झोंबले.

बाहेरच्या ओट्यावर दोन मुलं बसली होती. एक ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांचा मुलगा. त्याला भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी पलीकडच्या शेतात ऐकू जायचं. दुसरी कोठीकाकांची मुलगी, जाड चष्म्याची, म्हणून दुर्बीण.

"एकोणसाठच का पाहिजेत?" दुर्बीणने विचारलं. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं.

दोन आठवड्यांत कोणी पाहुणीला विचारून उत्तरासाठी थांबलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. पाहुणीने सगळं सांगून टाकलं, मिशाळच्या नावासकट.

"म्हणजे चोरी!" भोंगा म्हणाला. झाडावरचे दोन कावळे उडाले.

"हळू रे. उसनवारी म्हण," दुर्बीण म्हणाली. मग ती चष्मा पुसत राहिली. विचार करताना ती तेच करायची. "महिन्यातून एका शनिवारी बाबा वरचे ट्रे खाली आणि खालचे वर ठेवतात, सगळ्यांना सारखा उजेड मिळावा म्हणून. मग पाट्यापण बदलतात, कारण त्या ट्रेला नसतात, भिंतीच्या खिळ्याला असतात."

"मग?"

"या शनिवारी ट्रे बदलून होतात न होतात तोच आत्याचा फोन आला. आत्याचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. तो संपला आणि बाबा थेट जेवायलाच आले."

तिघांच्याही एकदम लक्षात आलं. ट्रे खाली गेले, पाट्या जागच्या जागी राहिल्या. पिवळ्यांच्या डोक्यावर 'टाकाऊ' आणि जुन्या पांढऱ्यांच्या डोक्यावर 'पिवळा'.

"टाकाऊ तर सकाळीच खड्ड्यात ओतले," भोंगा म्हणाला, आणि या खेपेला त्याचा आवाज खरोखरच बारीक झाला. "चार वाजता बाबा ट्रॅक्टरने वर माती लोटणार आहेत."

साडेतीन वाजून गेले होते.

"तुझ्या बाबांना थांबव ना!"

"ते म्हणणार, कोठीवाल्यांना विचारून ये."

"आणि आमचे बाबा पुराव्याशिवाय ऐकायचे नाहीत," दुर्बीण म्हणाली. "मला लांबचं दिसत नाही, हे त्यांना पटायला तीन वर्षं लागली."

पुरावा कुठे आहे, हे तिघांनाही माहीत होतं. पाहुणी खोलीत गेली. मिशाळ उन्हात बसला होता. तिने त्याला उचललं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. त्याला पुढे करायचं म्हणजे चोरी कबूल करायची. मावशीने एकच गोष्ट बजावली होती आणि नेमकी तीच तिने मोडली होती. मावशी रागावून तिला परत पाठवेल. पण परत कुठे? नव्या घरात अजून खाटसुद्धा नव्हती. मग तिला मावशीच्या मातीने भरलेल्या हातांची आठवण झाली, आणि अकरा वर्षांची. ती स्वतः अजून बारा वर्षांचीसुद्धा नव्हती. ती धावत निघाली.

"काका, हा पिवळ्यांमधला," कोठीच्या टेबलावर मिशाळला ठेवत ती म्हणाली. "शुक्रवारी मी उचलला होता. मावशीला न विचारता. याचे मोड बघा आणि ट्रेमधल्यांचे बघा."

काका बघतच राहिले. "अगं, पण कदाचित..."

पाहुणीने दोऱ्या कापायची सुरी उचलली. डोळे मिटून चालणार नव्हतं, म्हणून तिने ते उघडेच ठेवले आणि मिशाळचे दोन तुकडे केले. आत लोण्यासारखा पिवळा गर होता. दुर्बीणने वरच्या ट्रेमधला एक बटाटा आणला. तोही कापला. तो पांढराफटक निघाला.

आणि कोठीकाकांचा चेहरा त्याहून पांढरा. "शनिवार," ते एवढंच म्हणाले, "पाट्या..." आणि चप्पल न घालताच धावत सुटले.

खड्डा शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येत होता. काका धावता धावता धापा टाकू लागले, दुर्बीणचा चष्मा पडला. तेव्हा भोंगा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "बाबाऽऽ! थांबाऽऽ!"

आयुष्यभर ज्या आवाजासाठी तो सगळ्यांच्या शिव्या खात आला होता, तो आज कामाला आला. ट्रॅक्टर थांबला.

पण खड्ड्यात नुसते पिवळे नव्हते. महिनाभराचे टाकाऊ बटाटे तिथे पडले होते, सगळे हिरवट, सगळे धुळीने माखलेले. "आता यातून कसे ओळखायचे?" कोठीकाका हताश होऊन म्हणाले. "एकेक कापत बसलो तर रात्र होईल."

"कापायला नकोत," पाहुणी म्हणाली. "मिशी बघायची. बुटका, जांभळा आणि लव असलेला मोड. मोड तुटला असेल तर बुडखा बघा, तोपण जांभळाच असतो. शंका आली तर मला द्या."

मग पाच जणं खड्ड्यात उतरली. "हा?" "नाही, हा गुळगुळीत." "हा बघ, मिशीवाला!" "भोंग्या, तो दगड आहे." पाहुणीच्या आजूबाजूला इतके आवाज कितीतरी दिवसांत झाले नव्हते, आणि सगळे तिलाच विचारत होते. उन्हं कलली तेव्हा टोपलीत एकोणसाठ बटाटे होते. एकोणसाठावा दुर्बीणला सापडला, तोही चष्म्याशिवाय.

मावशी आली ती थेट मोडघरात. कोठीकाकांनी काही लपवलं नाही. "चूक माझी, ताई. आणि या पोरीचं मी ऐकून घेतलं नाही. तिच्याइतकं नीट माझ्या कोठीत कोणी पाहिलेलं नाही, मीसुद्धा. उद्यापासून पाटी ट्रेलाच बांधणार." ट्रॅक्टरकाकांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली.

मावशीने टोपलीतले बटाटे एकेक करून हातात घेतले, मोजले. मग भाचीकडे पाहिलं. "एक कमी आहे."

पाहुणीने मूठ उघडली. दोन तुकडे. "मी चोरला होता. आणि मीच कापला. याच्याशी बोलायला बरं वाटायचं."

मावशीने तुकडे उजेडात धरले, त्यांच्या पिवळ्या गराकडे पाहिलं, मग उलटवले. "याच्यावर दोन डोळे आहेत आणि त्याच्यावर तीन. मोड फुटतो तो डोळा असला की तुकडासुद्धा उगवतो. कापलेली बाजू दोन दिवस सुकू दे, मग लावू. साठ नाही, एकसष्ट झाडं होतील."

"मिशाळ मेला नाही?"

"छे गं. दोन झाले."

"हे खाऊन माझा चष्मा जाईल का हो?" दुर्बीणने विचारलं.

"नाही बाई, चष्मा काही जायचा नाही. पण पीक आलं की पहिला बटाटा तुम्हा तिघांचा."

"उद्या सहा वाजता लावणीला येतेस का?" भोंगा पाहुणीला म्हणाला, आणि या वेळी उत्तर मिळेपर्यंत थांबला.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मावशीने नेहमीप्रमाणे वही उघडली. पाहुणी खोलीकडे निघाली. खिडकीतली जागा आज रिकामी असणार, हे तिला आठवलं आणि ती दारातच रेंगाळली.

"अकरा वर्षं मीसुद्धा बटाट्यांशीच बोलते," वहीतून मान वर न करता मावशी म्हणाली. "कोणाला सांगू नकोस. तू मिशाळला काय सांगायचीस?"

"काही नाही. दिवसभरातलं. आणि नव्या शाळेचं."

मावशीने वही मिटली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बस," ती म्हणाली. "सगळं सांग."