साक्षीचं पाणी

"वैनी, पानी आना की! साहेब येतेत..."

रेवणसिद्ध गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी डाव्या तळहातावर घेऊन ताटकळला होता. आणि शांतम्मा चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत नुसती फिरत होती...

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यात दुष्काळ! साखर कारखान्याची मळी ओढ्यातून विहिरींत झिरपते, ही गावाची तक्रार ऐकायला नव्या कचेरीचे साहेब आज येणार होते. कारखान्यातच नोकरीला असलेला, सोमवारी तेवढा घरी येणारा रेवणसिद्ध छाती काढून सांगे, "आमची इहीर वड्याला खेटून हाय. तिच्याच पान्यानं मी लिंगपूजा करतो. कुठाय घान?"

देवाच्या पाण्याची साक्ष! तिच्यापुढे गाव गप्प होई.

आणि ते पाणी...? ते शांतम्मा दर सोमवारी पहाटे गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बोअरवरून आणत होती! स्वतः मात्र विहिरीचंच तांबूस, उग्र पाणी फडक्यातून गाळून पीत होती. नवऱ्यामागे ज्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्या नोकरीला घरच्याच विहिरीनं नख लावू नये, एवढाच तिचा हिशेब. त्याग करणाऱ्या माणसांचं हे असंच... बेरीज चोख असते, शेजारी तेवढे धरायचे राहतात.

काल तसलंच विहिरीचं पाणी पिऊन शेजारच्या दानम्माची नात जुलाबानं आडवी झाली. "तुमचा देव तेच पानी पेतो म्हनं!" दानम्मा कुंपणावरून कडाडली, "मग माझी नातच पापी की वो!"

तेव्हापासून शांतम्माला घडीभर चैन नव्हतं. अखेर तिनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"वैनी! ही तर मळी हाय..."

"आपल्या इहिरीचं हाय ते, बाळा. आजवरचं बोअरचं व्हतं... तुझी भाकर शाबूत ऱ्हावी म्हनून!"

"मग तुमी काय पेत व्हतात?"

तिनं पाणी गाळायच्या फडक्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी गेला. रेवणसिद्धाच्या डोळ्यांना धारा लागल्या...

पूजेवाचून घोटभर पाणी न घेणारा तो तसाच उठला, चावडीवर गेला, आणि तक्रार ऐकायला बसलेल्या कचेरीच्या साहेबांना, कारखान्याच्या मॅनेजरांसमोरच म्हणाला, "साहेब, माझी साक्ष खोटी. पयली तक्रार माझी लिहा!"

नोकरी राहील का जाईल, कुणी सांगावं! येताना त्यानं खांद्यावर बोअरची घागर आणली.

"आधी तुमी प्या, आई."

आई! शांतम्मानं ओंजळ धरली. दोन घोट घेतले न घेतले, तोच उरलेली घागर कमरेवर घेऊन ती शेजारी निघाली. दानम्मा दार उघडेल की तोंडावर लावेल, ते मात्र तिला काही केल्या उमगेना...